मी गावात बोलत नाही

६ एप्रिल, परळ

बॅग भरून झाली. पंचशील ध्वज, काच काढलेली बाबासाहेबांची तसबीर, घशासाठी ज्येष्ठमध, दोन स्वेटर. पुस्तकं वजनात बसेनात, तेव्हा एक स्वेटर काढला. उद्या विमान.

हंगेरीतल्या रोमा लोकांनी बोलावलं आहे. युरोपात ज्यांना जिप्सी म्हणून दारातून हाकलतात तेच हे लोक. शेकडो वर्षांपूर्वी आपल्याकडूनच तिकडे गेलेले. त्यांच्यातल्या काहींनी बाबासाहेब वाचले, धम्म स्वीकारला, आता एकमेकांना 'जय भीम' म्हणतात. चौदा एप्रिलला त्यांना मुंबईचा वक्ता हवा आहे. म्हणजे यंदा जयंतीला मी दादरला नसणार, नायगावच्या स्टेजवर नसणार. कळायला लागल्यापासून असं कधी झालं नाही. पण बुडापेस्टच्या सभागृहात आपला विचार मांडायचा, याहून मोठी जयंती कोणती?

दुपारी शैलाचा फोन आला.

"पौर्णिमेला विहाराचं उद्घाटन आहे. एक मेला. तोवर तुम्ही परत आलेले असाल. याल का?"

मी म्हटलं, "शैला, तुला माहीत आहे. मी गावात बोलत नाही."

"बरं."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"बरं म्हटलं ना. फक्त एक ऐका. घर शाकारलं तेव्हा विचारलं, गेल्या दिवाळीत विचारलं, ही तिसरी वेळ. चौथ्यांदा नाही विचारणार."

शांतपणे म्हणाली. चिडून म्हणाली असती तर माझ्याकडे उत्तर होतं.

नर्सची नोकरी संपली आणि बाईसाहेब दापोलीच्या आत, माहेरच्या बौद्धवाडीत राहायला गेल्या. दोन वर्षं झाली. आमचं भांडण झालेलं नाही. कोणी विचारलं तर मी सांगतो, गावी बांधकाम काढलंय. पण इथे खरं लिहायला हरकत नाही: मला तो विश्वासघात वाटतो. आजोबा गाव सोडून गिरणीत आले ते नुसतं पोट भरायला नाही. पाठ ताठ करायला आले. गाव म्हणजे उतरंड, वरच्याने वर बसायचं आणि खालच्याने भार वाहायचा. 'गाव सोडा' हा आमच्या मुक्तीचा पहिला धडा. रात्रशाळेत इतिहास शिकवताना मी तो पोरांकडून घोकून घेतला. आयुष्यात एकही मुक्काम मी गावात केलेला नाही आणि मला त्याचा अभिमान आहे.

विहाराला वक्ता हवा, म्हणून ती मला बोलावते आहे. माणसं जमतील, माईक लागेल, मग पत्रिकेत नाव घालायला नवरा बरा. दुसरा कोणीही मिळेल तिला.

चाळ पाडून टॉवर झाला त्यालाही वर्ष होईल. खिडकीतून लांबवर समुद्राची एक पट्टी दिसते. घर दोघांना पुरून उरेल असं आहे.

८ एप्रिल, हंगेरी

बुडापेस्ट पाहिलं ते स्टेशनपुरतं.

लासलो न्यायला आला होता. शाळामास्तर, पन्नाशीचा, जाड मिशा, आवाज मात्र इतका मऊ की वर्गात पोरं कशी ऐकतात कोण जाणे. गर्दीत हात वर करून 'जय भीम' म्हणाला तेव्हा मला भरून आलं. मग आगगाडी. मग त्याची जुनी गाडी. मला वाटत होतं, आता इमारती येतील, मग येतील. ज्या मागे गेल्या त्या गेल्याच. नांगरलेली काळी शेतं, मधे मधे झाडांच्या रांगा, खांबावर करकोच्याचं घरटं.

एक गाव आलं. चर्च, रंगवलेली घरं, दारात फुलं. म्हटलं चला, निदान हे तरी. गाडी थांबली नाही. गाव संपलं, डांबर संपलं, गाडी एका खोलगट जागेत उतरली. तिथे ही वस्ती. ज्या घरात मी आत्ता लिहितोय ते शेवटून दुसरं. एक खोली, एक स्वयंपाकघर, लाकडाची शेगडी. संडास मागे, आलुबुखाराच्या झाडांपलीकडे. पाणी कोपऱ्यावरच्या निळ्या हातपंपाचं, अख्ख्या वस्तीला तो एकच. स्वयंपाकघरात कोंबड्या माझ्याआधी शिरल्या.

घर रोझी नेनीचं. नेनी म्हणजे मावशी किंवा काकू. सत्तरीच्या पुढची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. तिने माझा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला, मग स्वेटरची पातळ बाही चिमटीत धरून पाहिली आणि लासलोला काहीतरी म्हणाली.

"ती विचारते, याच्या घरी कोणी बाई नाही का?"

"सांग, आहे," मी म्हटलं. "सांग, मीच भरली बॅग."

मग लासलोला बाजूला घेतलं. म्हटलं, मी चाळीत वाढलोय, मला कौतुक नको. पण गावात लॉज असेल ना? चर्चजवळच्या घरावर पाटी होती, तिच्यावर पलंगाचं चित्र होतं.

"आहे. मी फोन केला होता," लासलो म्हणाला. "मुंबईहून एक शिक्षक येतायत म्हटलं, तेव्हा खोली रिकामी होती. कोणाकडे येतायत ते सांगितलं, तशी भरली."

मी पायरीवर बसून राहिलो. हे मला भाषांतर करून सांगावं लागत नाही. तरी मनात आलंच: आजोबा ज्या गावकुसाबाहेरून उठून गेले, त्याच्याच दारात मी विमानाने येऊन उतरलो.

१० एप्रिल

थंडी हाडात शिरते. शेगडी पेटवायला गेलो, घरभर धूर झाला, रोझी नेनी डोळे पुसत हसत होती.

लासलो सकाळी शाळेत जातो, मग आम्ही दोघंच. बाकी वस्तीत सगळे हंगेरियन बोलतात, पण ती आपली जुनी रोमा बोली बोलते आणि मला ऐकवायला मुद्दाम सावकाश बोलते. पाण्याला पानी. मिठाला लोन. नाकाला नाख. हे मी पुस्तकांत वाचलेलं, भाषणांत वापरलेलं आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. पण एक म्हातारी हातात मिठाचं भांडं देऊन 'लोन' म्हणते, तेव्हा ती गोष्ट वेगळी होते. शैलाला ऐकवलं असतं तर तिने सगळे शब्द पाठ करून घेतले असते. आता पोरीला, अपूर्वाला सांगेन.

मी दारात दिसलो की म्हातारी विचारते, "काय झास?" अगदी आपल्यासारखं 'काय'. मी म्हणतो, "मजेत." ती खूप हसते. मराठी ऐकून बरं वाटत असेल तिला.

संध्याकाळी कोंबड्यांना बोलावते ते "खेरे, खेरे". खेर म्हणजे घर. घरी, घरी. दिवसभर कुठे कुठे उकरत असतात, पण या हाकेला सगळ्या वळतात, एक लंगडी आहे तीसुद्धा. ते मी अंधार पडेपर्यंत बघत उभा राहिलो. गार हवा बाधू नये म्हणून ज्येष्ठमध चघळलं.

इथे माईक नाही, गर्दी नाही, वाहनांचा आवाज नाही. नायगावच्या नाक्यावरचा चहा नाही. बोंबील नाहीत. मला मुंबईची आठवण येते, बाकी काही नाही.

१२ एप्रिल

फोनला रेंज फक्त पंपाजवळ. अपूर्वाला लावला. पोरगी ऑफिसात होती, तरी बाहेर येऊन बोलली.

"बाबा, खाता काय तिथे?"

"बटाटा. वर लाल तिखट घालतात, पण ते तिखट नसतं."

"आई विचारत होती."

"काय विचारत होती?"

"हेच. खातात काय."

"आणखी?"

"आणखी, एकच स्वेटर नेलाय का असं विचारत होती. मी म्हटलं मला काय माहीत. एकच नेलाय?"

मी म्हटलं, हो.

"कसं ओळखते यार ती. बाबा, एक सांगू? तुम्ही दोघं एकमेकांना फोन लावा ना. मी काय कुरिअरवाली आहे?"

मी विषय बदलला. दादरला मंडप पडले का विचारलं. म्हणाली, शिवाजी पार्कात आत्तापासून माणसं यायला लागलीत, नायगावात निळ्या पताका लागल्या, तुमच्या जागी कोणी यूट्यूबवाला बोलणार आहे. मी म्हटलं, उत्तम. नवी माणसं पुढे यायला हवीत.

पंपावर एक बाई बादली घेऊन खोळंबली होती. मी दांड्याला टेकून उभा होतो ते माझ्या लक्षातच आलं नाही.

१४ एप्रिल

जे घडलं ते घडलं तसं लिहितो.

वस्तीत एक खोली आहे, सकाळी बालवाडी, संध्याकाळी सगळ्यांची. भिंतीवर मी आणलेली बाबासाहेबांची तसबीर लावली. खसखशीचे गोड रोल होते, मेणबत्त्या होत्या. खोली भरली, दारातही माणसं उभी. वंदना झाली. त्यांच्या तोंडून 'बुद्धं सरणं' वेगळ्याच चालीत ऐकताना मला दादरच्या किनाऱ्यावरचा वारा आठवला. मग मी उभा राहिलो.

माईक नव्हता, पण मला कधीच लागला नाही. मी इंग्रजीत बोलत होतो, लासलो त्यांच्या भाषेत सांगत होता. महाडच्या तळ्याचं सांगितलं तेव्हा माणसं टाचा उंचावून ऐकत होती. संविधानाबद्दल बोललो तेव्हा एक म्हातारा रडला. मला कळत होतं, खोली माझ्या हातात आली आहे. मग मी माझं वाक्य घेतलं, ज्यावर परळमध्ये लोक उठून उभे राहतात. म्हटलं, "ज्या गावाने तुम्हाला कुसाबाहेर ठेवलं, त्या गावाला तुमची गरज आहे, तुम्हाला त्याची नाही. गाव सोडा."

लासलो थांबला. माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघत हळू आवाजात सांगितलं.

पहिल्या बाकावरून रोझी नेनी म्हणाली, "काय?"

वय झालंय, ऐकू गेलं नसेल. मी मोठ्याने म्हटलं, "गाव सोडा."

"काय?"

मला वाटलं, आपली भाषा आणि हिची भाषा एक आहे, मग मधे दुभाषा कशाला? मी सरळ मराठीत, मूठ आपटून, पोटातून आवाज काढून म्हटलं, "गाव सोडा."

तिसऱ्यांदा ती नुसती ओठांनी म्हणाली. आवाज आलाच नाही. मागे बसलेल्या एकाने टोपी घातली आणि तो बाहेर गेला. मग आणखी दोघं.

लासलोने माझं कोपर धरलं. "तिला ऐकू आलंय," तो म्हणाला. "तिच्या बोलीत 'काय' म्हणजे 'कुठे'."

कुठे? कुठे? कुठे? आणि मी तिच्यावर ओरडत होतो.

पुढे काय बोललो आठवत नाही. रोल वाटले गेले. मलाही दिला.

परत येताना लासलोने सांगितलं. गावच्या पंचायतीला ही खोलगट जागा रिकामी करून हवी आहे. गेल्या हिवाळ्यात नोटिसा आल्या. रोझी नेनीच्या आजीला नदीकाठावरून उठवलं होतं, आईला वीटभट्टीवरून. "दर वेळी एखादा चांगलं बोलणारा माणूस येतो," लासलो म्हणाला, "आणि हेच सांगतो."

१५ एप्रिल

रात्री म्हातारीने माझ्या अंगावर स्वतःची गोधडी टाकली होती. सकाळी चहा दिला. काही झालंच नाही अशी.

मी चुकलो नाही. प्रसंग चुकला, वाक्य नाही. शहराने आम्हाला काय दिलं नाही? शाळा दिली, युनियन दिली, नळाला रांग दिली पण रांगेत जात विचारली नाही. चाळीत शेजारचा शामराव मालवणी मराठा, त्याच्या आईच्या हातची भाकरी खाऊन मी शाळेत गेलो. गावात हे झालं असतं? शैलालाही मी हेच सांगितलं होतं. ती गावी जाते म्हणाली त्या संध्याकाळी मी तिला सगळं मुद्द्यांनिशी समजावलं, आजोबांपासून आजपर्यंत. ती ओट्यापाशी बोंबील साफ करत ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "झालं?"

मी म्हटलं, झालं.

"गाव त्यांचं आहे असं कोणी ठरवलं? माझ्या आजीने त्या मातीत हाडं घातली. त्यांनी आम्हाला बाहेर ठेवलं ते ठेवलं, आता तुम्हीपण बाहेर काढताय. ते 'हटा' म्हणायचे, तुम्ही 'सोडा' म्हणता. जायचं आम्हालाच."

'आम्ही' म्हणजे कोण, असं मी विचारलं होतं. ती बोंबील धुवायला लागली. तो युक्तिवाद नव्हताच, भावना होती. भावनेला उत्तर नसतं.

तिचे शब्द मला इतके तंतोतंत पाठ आहेत याचं आज आश्चर्य वाटलं.

१८ एप्रिल

लासलोने माझी पुढची दोन भाषणं रद्द केली. वाईट वाटून घेऊ नको म्हणाला. मी घेतलं.

रोझी नेनी परसात बटाटे लावत होती. मी नुसता बघत उभा होतो, तर तिने टोपली माझ्या हातात दिली. ती सरी ओढते, मी बटाटा ठेवतो, कोंब वर. वाकून वाकून कंबर गेली. दुपारपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही. नंतर पायरीवर बसून तिने पाव कापला. मी हातावर फुंकर मारत होतो, तर माझे तळवे उलटेसुलटे करून पाहिले आणि स्वतःशी हसली.

शैलाच्या तळहातांना आता घट्टे पडले असतील का? गेल्या वर्षी अपूर्वाच्या फोनमध्ये फोटो पाहिला होता, डोक्यावर पाटी घेऊन उभी. मी म्हटलं होतं, नर्स झाली ती या पाट्या उचलायला का? अपूर्वा म्हणाली होती, बाबा, हसते बघा कशी आहे. मी फोन परत दिला होता. फोटो नीट पाहायला हवा होता.

२१ एप्रिल

पंचायतीची सभा होती. मी लासलोला म्हटलं, मी बोलू का, बाहेरच्या माणसाचं ऐकतील. त्याने नेनीला विचारलं. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, आमच्यात बस."

वस्तीतून जवळजवळ सगळे गेलो. गावातले लोक पुढे, आम्ही मागे. मी तिसऱ्या रांगेत दोन बायकांच्या मधे बसलो. बोललो नाही. इतका वेळ गप्प मी कधी बसलो असेन तर आईच्या अंत्ययात्रेत.

नेनी उठली. लासलोने माझ्या कानात सांगितलं तेवढं लिहितो. म्हणाली, "मी बटाटे लावलेत. निघाले की पुन्हा लावीन. आता तुम्ही सांगा, तुम्ही कुठे जाणार आहात?" मागे कोणीतरी हसलं, मग पुढचेही दोघंतिघं हसले. निर्णय शरद ऋतूपर्यंत पुढे ढकलला. जिंकलो नाही. पण हरलोही नाही, असं लासलो म्हणाला, आणि त्याने रस्त्यात चक्क शीळ घातली.

२२ एप्रिल

आज शैलाला फोन केला. कारण असं होतं की शेगडीचा धूर अजून थांबत नाही.

"ओलं लाकूड असेल," ती म्हणाली. "बदला."

"बरं."

"एवढंच विचारायला परदेशातून फोन केलात?"

मी म्हटलं, तसं नाही. पौर्णिमेचा कार्यक्रम पक्का आहे का? ती म्हणाली, आहे. मी म्हटलं, मी विचार केला आहे, तत्त्वाला थोडी मुरड घालता येईल, भाषण किती वाजता ठेवलं आहे तेवढं कळव. म्हणजे तयारी करता येईल.

"कोणाचं भाषण?"

"माझं."

तिकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तुम्हाला भाषणाला कोणी बोलावलं?" ती म्हणाली. "भाषणाला सुनेत्रा आहे आमची. अंगणवाडीची सेविका. चांगली बोलते, कमी बोलते. पत्रिकेत नाव छापून झालं तिचं."

"मग मला कशाला विचारलंस? तिसऱ्यांदा, चौथ्यांदा नाही वगैरे?"

"मी 'याल का' विचारलं होतं. 'बोलाल का' नव्हतं विचारलं."

मी पंपाचा दांडा उगाच खाली दाबला, पाणी बुटांवर पडलं. तिकडे मागे कोणीतरी तिला हाक मारत होतं, शैलाताई, शैलाताई.

"ठेवते," ती म्हणाली. "सतरंज्या अंथरायला माणसं कमी आहेत. जमलं तर तेवढं बघा."

आमच्या चळवळीत हा जुना टोमणा आहे: काही भाषणं करतात, बाकीचे जन्मभर सतरंज्या उचलतात. मी कधी उचलली नाही. रागाने लिहायला बसलो होतो. पण राग येत नाहीये. तिच्या 'याल का'चे तीनही प्रसंग आठवून बघतोय. एकदाही ती 'बोलाल का' म्हणालेली नाही.

२७ एप्रिल

उद्या निघायचं. सकाळी दारात उभा होतो. म्हातारीने विचारलं, "काय झास?"

आता मला त्याचा अर्थ कळतो. कुठे निघालास. इतके दिवस मी तिला 'मजेत' सांगत होतो.

"खेरे," मी म्हटलं.

तिने मान डोलावली, जशी बरोबर उत्तर दिलेल्या मुलाला बघून डोलवावी. मग आत जाऊन एक लोकरीचा स्वेटर आणला. बायकी होता, निळा, कोपरावर रफू केलेला. मी लासलोकडे पाहिलं.

"तुझ्यासाठी नाही," लासलो म्हणाला. "ती म्हणते, घरी बाई आहे म्हणालास ना."

३० एप्रिल, परळ

काल आलो. लिफ्टमधून वर येताना कानांना दडे बसले, विमानात बसले नाहीत तसे. घर बंद होतं म्हणून हवा कोंडली होती. खिडक्या उघडल्या. समुद्राची पट्टी जागेवर आहे. तिकडे असताना या खिडकीची आठवण येत होती असं मी धरून चाललो होतो. उभा राहिलो आणि आठवण तशीच राहिली, कमी झाली नाही.

अपूर्वा डबा घेऊन आली. जयंतीचे व्हिडिओ दाखवत होती, त्या यूट्यूबवाल्याचं भाषण बरं झालं म्हणाली. मी पुन्हा बॅग भरायला घेतली तशी थांबली.

"कुठे?"

मी उत्तर देण्याआधी तिला पांढरा सदरा दिसला. "पांढरा नका घालू बाबा. लाल माती आहे तिथे."

"पौर्णिमेला पांढराच घालतात."

"आईला सांगितलंत?"

"नाही."

"मी सांगू?"

"नको."

"का पण?"

मी म्हटलं, "तू काय कुरिअरवाली आहेस?" पोरगी इतकी हसली की डब्यातलं कालवण सांडलं. मग डोळे पुसत बेसिनकडे गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी होती.

परळ डेपोतून सकाळची दापोली गाडी आहे. अपूर्वाने मोबाइलवर सीट काढून दिली. "रिटर्नचं?" तिने विचारलं. मी म्हटलं, आत्ता नको.

१ मे, पौर्णिमा

गाडीने फाट्यावर सोडलं. चढण चढून वर आलो तेव्हा विहाराच्या समोर बायकांची धावपळ चालली होती. विहार लहान आहे, चिऱ्याचा, नवा, अजून चुन्याचा वास येतो. शैलाने कमरेला पदर खोचला होता. मला पाहिलं. एक क्षण हातातलं काम थांबलं. मला वाटलं, आता काही म्हणेल. येताना मी गाडीत चार वाक्यं तयार केली होती.

"बॅग तिथे ओसरीवर ठेवा," ती म्हणाली, "आणि ते टोक धरा."

सतरंजी एकट्याने अंथरता येत नाही, हे मला या वयात कळलं. एकाने ओढली की दुसऱ्याला चालत जावं लागतं, आणि दोघांनी एकदम झटकली नाही तर मधे फुगा राहतो. आमच्या पहिल्या सतरंजीला फुगाच होता. शैला म्हणाली, परत. दुसऱ्यांदा बरी आली. एक म्हातारी काठी टेकत आली, माझ्याकडे निरखून पाहत शैलाला विचारलं, "बाय, ह्ये मुंबयचे वक्ते काय?"

"आज नाहीत," शैला म्हणाली. "आज हे आमचे आहेत."

म्हातारीने तोंडाला पदर लावला. दोघी बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. मी पुढची सतरंजी उलगडायला घेतली.

सुनेत्रा बोलली. आवाज पातळ, पण डगमगत नाही. एका ठिकाणी तिने सनावळी चुकवली. माझा हात वर जाणार होता. पुढच्या रांगेतून शैलाने नुसती मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हात मांडीवर राहिला. सन चुकला तरी सांगत होती ते खरं होतं, आणि माणसं ऐकत होती. गावातलेही काही आले होते, कडेला उभे होते. शेवटी शेवटी त्यांच्यातले दोघं येऊन सतरंजीवर बसले. शैलाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. मीही नाही. पण आम्हा दोघांनाही दिसलं होतं.

खीर वाटली. मग सतरंज्या झटकून घड्या केल्या. अजून उजेड आहे. ओसरीवर बसून लिहितोय. निळा स्वेटर मी तिला दिला. एवढ्या उकाड्यात तो अंगावर धरून तिने बाह्या मोजून पाहिल्या, रफूवर बोट फिरवलं आणि कोणी दिला विचारलं. मी सांगायला सुरुवात केली आहे. रोझी नेनीपर्यंत आलो होतो, इतक्यात तिचं लक्ष माझ्या सदऱ्याकडे गेलं. छातीपासून खाली सगळा लाल.

"काढून ठेवा तो. सकाळी धुते मी."

"मी धुतो. विहिरीवर नेतो."

"तुम्ही? सगळी वाडी बघत बसेल."

"बसू दे," मी म्हटलं.